तीन पायल्या ज्वारी

नवरात्र जवळ आलं, उन्हाला पुन्हा एकदा धार चढली आणि दुपारनंतर आभाळात कुठूनतरी ढग जमायला लागले, की आमच्या घरात एक प्रश्न उभा राहतो. गच्चीवर वाळत घातलेले गहू राहू द्यायचे की आत घ्यायचे? हा प्रश्न आमची ही कामाला येणाऱ्या बाईंना विचारते, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारते; एकदा तर टेलिफोन दुरुस्त करायला आलेल्या माणसाला विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मला विचारत नाही. वीस वर्षं हवाई दलात हवामान अधिकारी म्हणून पगार घेतलेला माणूस त्याच गच्चीखाली आरामखुर्चीत पेपर वाचत असतो, आणि गहू टेलिफोनवाल्याच्या भरवशावर वाळत असतात.

तिचं चुकत नाही. मला कोणी पावसाचं विचारलं की माझ्या तोंडून "शक्यता नाकारता येत नाही" एवढंच बाहेर पडतं. मुलं लहान होती तेव्हा जेवायला काय आहे असं कोणी विचारलं, की एकमेकांकडे बघून म्हणायची, वरणभाताची शक्यता नाकारता येत नाही. मी हसून घ्यायचो. पण हे गुळमुळीत बोलणं काही मी जन्माला येताना घेऊन आलो नव्हतो. एकदा मी ठाम बोललो होतो. बहात्तर सालचं हस्त नक्षत्र होतं, आणि मी नगर जिल्ह्यातल्या एका माळावर तंबू ठोकून बसलो होतो.

एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा मी पुण्यात ढगांची नावं पाठ करत होतो. ती शिकून तयार झालो तोवर लढाई संपली होती. हुद्दा फ्लाइंग ऑफिसर, पण उडायचे ते फक्त माझे फुगे. अशा वीराला सैन्याच्या तोफांच्या सरावासाठी नगरहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याला पाठवलं. मी कोकणातला. आईनं पत्रात बजावलं होतं की नव्या गावाचं पाणी सोसत नाही, भिजू नकोस. म्हणून मी ट्रंकेत रेनकोट, गमबूट आणि मेणकापडाची टोपी भरून घेतली. ट्रकमधून उतरलो तेव्हा माझी ती ट्रंक उचलणारा जवान आभाळाकडे बघून नुसता हसला. तो का हसला ते कळायला मला एक दिवस लागला.

त्या माळाला रंगच नव्हता. बाभळीसुद्धा धुळीनं करड्या झाल्या होत्या. जमिनीला एवढ्या रुंद भेगा, की पिल्लैची पेन्सिल एकदा एका भेगेत पडली ती गेलीच. पिल्लै म्हणजे माझा सार्जंट, केरळचा, चाळिशीचा, अबोल आणि शिस्तीचा. आम्ही दोघंही धो-धो पावसाच्या मुलखातले, आणि सरकारनं आम्हाला इथं पाऊस मोजायला बसवलं होतं. रोज सकाळी साडेआठला पिल्लै पर्जन्यमापकाची बाटली काढायचा, उन्हात तिरकी धरून बघायचा आणि "निल, सर" म्हणायचा. मी वहीत शून्य, टिंब, शून्य लिहायचो. जून, जुलै, ऑगस्ट. पानंच्या पानं शून्यांची. माझं अक्षर तसं वाईट, पण शून्य मात्र त्या काळात फार सुबक यायला लागलं होतं.

खरं काम वाऱ्याचं. तोफेचा गोळा वर गेला की वरचा वारा त्याला बाजूला ढकलतो, म्हणून तोफखान्याला कुठल्या उंचीवर वारा किती आणि कुठून, हे रोज कळवावं लागे. त्यासाठी फुगा सोडायचा आणि दुर्बिणीला डोळा लावून दर मिनिटाला त्याचा कोन लिहायचा. फुग्यात हायड्रोजन, आणि तो तिथंच तयार करायचा: एका जाड लोखंडी नळकांड्यात कॉस्टिक सोडा आणि एक राखाडी पूड घालायची, वरून पाणी ओतायचं. नळकांडं तापून फुसफुसायला लागे. पाणी मोजून अर्धी बादली, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. उरलेला चिखल विषारी. तो खड्ड्यात पुरायचा.

अर्धी बादली म्हणजे काय, हे मला गयाबाईनं शिकवलं.

गयाबाई छावणीशेजारच्या वाडीतली. पन्नाशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लंगरच्या आचाऱ्याशी तिनं संधान बांधलं होतं. भांडी विसळलेलं, भाताची शितं तरंगणारं धुवण ती रोज दोन बादल्या घेऊन जायची, आपल्या बैलांसाठी. जाता-येता वाटेत माझा तंबू. एका दुपारी पिल्लै नळकांड्यात पाणी ओतत होता आणि ती बादल्या खाली ठेवून बघत उभी राहिली. फुगा फुगला, सुटला, आभाळात लाल ठिपका झाला. मग तिनं विचारलं की ते वतलेलं पानी कुठं गेलं. मी उत्साहानं शास्त्र सांगितलं. पाण्याचेच दोन वायू असतात, त्यातला हलका फुग्यात भरला, म्हणून फुगा वर जातो.

तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी वरनं पानी येईना, आन तुमी हितलंबी वर धाडताय."

मी दुर्बिणीला डोळा लावून फुग्याचा कोन लिहायला लागलो.

दोन दिवसांत ही गोष्ट वाडीभर झाली. सातआठ जण छावणीच्या तारेपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्यात पुढे तात्या, म्हणजे गयाबाईच्या शेताला लागून ज्यांचं शेत ते म्हातारे. रागात कोणी नव्हतं, तेच जड गेलं. त्यांनी समजुतीनं विनंती केली, की फुग्यानं ढग बिचकत्यात, तर निदान हस्त सरेपर्यंत तेवढं बंद ठेवा. सरकारी हुकूम आहे असं मी सांगितलं. हुकूम म्हटल्यावर ते परत गेले. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्या आंघोळीची बादली लंगरपाशी ठेवायला लागलो. गयाबाई ती रोज उचलून न्यायची. मी आठवड्यातून दोनदा आंघोळ करायचो, असं आमच्या घरी सांगितलं की सगळे नाक मुरडतात.

त्या मुलखात रब्बीची ज्वारी हस्तात पेरतात. खरीप तर गेलंच होतं. आता हस्ताचा एक पाऊस झाला तर पेर, नाहीतर वर्ष संपलं. वाडीच्या गुरुजींच्या पंचांगात त्या नक्षत्राचं वाहन म्हैस होतं. वाहन बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस भरपूर, गाढव-कोल्हा असलं की नाही, असा हिशेब. म्हशीच्या भरवशावर सगळी वाडी पेरणीच्या पाभरी दोरखंडानं आवळून तयार बसली होती.

हस्त लागून तीनचार दिवस झाले असतील. गयाबाई आली, पण आज बादल्या तिच्या हातात नव्हत्या. मागे तिचा नवरा सखाराम. उंच, वाकलेला, न बोलणारा माणूस. तो तंबूच्या दोरीपाशी बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

तिचं म्हणणं असं होतं. बैलांना छपरातलं पाचट काढून घालत होते, तेही संपलं. तिची बहीण कोल्हारला दिलेली. तिकडे प्रवरेचा कालवा, ऊस, उसाच्या शेंड्यांचं वाढं हवं तेवढं. बहिणीनं निरोप धाडला होता की बैलं घेऊन या. पण बैलं घेऊन चालत जायचं म्हणजे पाच दिवस, आणि मागं पाऊस झाला तर पेरणार कशानं? थांबावं, तर आणखी आठ दिवसांत पाऊस न झाल्यास बैलं बसतील, आणि एकदा बसलेला बैल उठत नाही. घरात बियाणं होतं, तीन पायल्या, म्हणजे बारा शेर, दगडी वाणाची ज्वारी, राख लावून मडक्यात ठेवलेली. घरात दुसरा दाणा नव्हता, पण बी खायचं नसतं, म्हणून तिला हात लागला नव्हता.

"गुर्जी म्हनत्यात म्हस हाय, लोळल," ती म्हणाली. "तुमचा फुगा काय म्हनतो?"

सैन्याचा अंदाज बाहेर सांगायचा नसतो. तो गोपनीय. आणि खरं म्हणजे त्यात गोपनीय ठेवण्यासारखं काही नसतंही. माझ्या अंदाजात "अंशतः", "काही ठिकाणी", "तुरळक" असे शब्द असत, ते शत्रूच्या हाती लागले असते तर शत्रूच गोंधळला असता. मी तिला तसंच काहीतरी सांगून वाटेला लावू शकलो असतो. पण मी सव्वीस वर्षांचा होतो. महिनोन् महिने शून्य लिहून आणि पाणी वर धाडून मला कोणाच्या तरी उपयोगी पडायची घाई झाली होती. आत जाऊन नकाशा पाहिला. बंगालच्या उपसागरात एक कमी दाबाचं क्षेत्र होतं. माझ्या आकडेमोडीनं ते वर उत्तरेला वळून जाणार होतं. पट्टी लावून पुन्हा पाहिलं. वळणारच होतं.

बाहेर येऊन मी म्हणालो, "आठ दिवस पाऊस नाही. तुम्ही बैल घेऊन जा."

शक्यता नाही, नाकारणं नाही. सरळ. सखारामनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फुगा सोडताना मला रस्त्यावर ती दोघं दिसली. पुढे सखाराम, मागे दोन हाडकुळे बैल, सगळ्यांत मागे डोक्यावर गाठोडं घेतलेली ती. बी तिनं बरोबर घेतलं होतं. मागं ठेवलं असतं तर उंदरांनी नाहीतर भुकेनं खाल्लं असतं.

पाऊस सहाव्या दिवशी झाला.

त्याचं वर्णन मी करणार नाही. मी तो तंबूच्या दारात उभा राहून, रेनकोट ट्रंकेतच ठेवून, भिजत पाहिला. सकाळी पिल्लैनं बाटली काढली, मापात ओतली आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा मी आनंद ऐकला. एकतीस मिलीमीटर. आमच्या घरच्यांच्या मते, ही हकीकत मी लग्नानंतर पहिल्यांदा सांगितली तेव्हा पाऊस बावीस मिलीमीटर होता, आणि दर दिवाळीला तो थोडा वाढत गेला. मी म्हणतो, वही बघा. वही अर्थातच माझ्याकडे नाही. पण एकतीस लिहिताना अनुस्वारासारखा एक शाईचा ठिपका पडला होता, हे मला पक्कं आठवतं.

माळाच्या उतारावर वाडीची शेतं दिसायची. बायाबापे बांधावर उभे राहून जमीन कधी पाय ठेवू देते ते बघत होते. दोन दिवसांत पाभरी निघणार. तात्यांच्या शेताला लागून गयाबाईचा तुकडा, तीनचार एकराचा, काळा, ओला. तिथं कोणी नव्हतं. मी दुर्बीण वाऱ्यासाठी लावली आणि फिरवत फिरवत तिकडेच नेली. रिकामं शेत दुर्बिणीतून फार जवळ दिसतं.

दाढ दुखते असं सांगून मी तीन दिवसांची रजा काढली. शिध्याच्या ट्रकनं नगर, तिथून मनमाड रस्त्याची एसटी. कोल्हारला थेंबही पडलेला नव्हता. नदीच्या बाजूला मुलूखभरची गुरं आणि त्यांची माणसं उतरली होती. वर्दीतला माणूस बघून लोक बाजूला सरत होते; त्यांना वाटलं, आता इथूनही हाकलतात की काय. गयाबाई एका बाभळीखाली वाढं तोडत होती. आदल्या संध्याकाळीच पोचले होते. तिनं मला पाहिलं आणि हातातलं वाढं खाली ठेवलं.

मी सांगून टाकलं. पाऊस झाला, मी चुकलो.

सखाराम उठला, बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. गयाबाईनं विचारलं, किती झाला. मी म्हणालो एकतीस मिलीमीटर. मिलीमीटर म्हंजी किती, तिनं विचारलं. मी बोटाची दोन पेरं दाखवली. तिनं हात झटकला. बाटलीतलं नको, रानातलं सांगा; वल किती खोल गेली, वीतभर का हातभर? मला माहीत नव्हतं. मिलीमीटरचा दहावा भाग मला माहीत होता, पण त्या मातीत मी बोट घालून पाहिलं नव्हतं. एवढा शिकलेला मानूस, आन हात मळवायला लाजतो, असं ती बहिणीला म्हणाली. बहीण तोंडाला पदर लावून हसली. मी माफी मागायला लागलो तसं गयाबाईनं मला थांबवलं.

"पाऊस आजवर कितींदा चुकला, सायेब. एकदाबी सांगाया आला न्हाई. तुमी आलात."

हे बोलली आणि उठून गाठोडं घेऊन आली. बैलांना घेऊन परत चालायचं तर पाच दिवस, तोवर ओल उडून जाणार. एसटीनं मी उद्या पोचणार. तिनं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. तात्याला म्हनावं पाभर दे. आन बी तुमच्या हातानं पडू द्या. तुमी आमाला धाडलं, आता तुमीच पेरा. ही शिक्षा होती की विश्वास, हे मी इतकी वर्षं ठरवतो आहे.

परतीच्या एसटीत ते गाठोडं मी मांडीवरून खाली ठेवलं नाही. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, मूल आजारी आहे का.

तात्यांनी आधी मला, मग गाठोड्याला, मग माझ्या बुटांना पाहिलं. बूट काढा म्हणाले. सकाळी त्यांनी स्वतःच्या शेताचा एक दिवस सोडून पाभर गयाबाईच्या शेतात घातली. पाभरीवर लाकडी वाटीसारखं चाडं असतं. त्यात मूठ धरून बी सोडत चालायचं, ते नळ्यांमधून तासात, म्हणजे सरीत, पडतं. हे काम बायकांचं. बांधावर दहाबारा बाया जमल्या होत्या आणि पिल्लै तारेपाशी सावधान उभा असल्यासारखा बघत होता. माझ्या कमरेला टॉवेलची ओटी बांधली. तात्यांनी बैलांना हाक दिली आणि मी चालू लागलो.

मला एकच भीती होती: बी संपेल. घरात दाणा नसताना ज्यांनी ते खाल्लं नाही, ते माझ्या मुठीतून जमिनीत जात होतं, आणि माझा अंदाज एकदा चुकलेला होता. पुढं पाऊस झालाच नाही तर? मूठ आपोआप आवळायला लागली. दोन बोटांतून चारचार दाणे. तात्यांनी मागे वळून पाहिलं.

"सायेब, बी पेरताय का मीठ भुरभुरताय?"

बाया हसल्या. मी जरा सैल सोडायचो, पुन्हा आवळायचो. संध्याकाळी सगळं रान पेरून झालं आणि ओटीत निम्मं बी शिल्लक होतं. तात्यांनी कपाळावर हात मारला. पुन्हा पेरायला ना वेळ होता ना त्यांच्या बैलांत जीव. त्यांनी मला वाडीत कोणाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि रात्रीच्या आत सगळ्यांना सांगितलं.

उरलेली दीड पायली मी तंबूत आणली. थर्मामीटरच्या रिकाम्या पेटीत, राखेसकट. त्या तळावर हवेतल्या दमटपणाची नोंद मी मनापासून कोणासाठी ठेवली असेल, तर त्या पेटीसाठी. तोफखान्याला हे कधी कळलं नाही.

त्यानंतर पाऊस झाला नाही. हस्त संपलं, चित्रा संपलं, स्वाती गेलं. वहीत पुन्हा शून्यं. वाडीची ज्वारी आधी झकास उगवली होती. दाट, हिरवीगार, बघत राहावी अशी. मार्गशीर्षात ती खालून पिवळी पडायला लागली. इतक्या रोपांना पुरेल एवढी ओल त्या जमिनीत नव्हती. पौषात तात्यांच्या शेतात वीतभर वाळकी काडी उभी होती, कणसाचं नाव नाही. लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. गयाबाईच्या रानात मात्र हात-हात अंतरावर ज्वारीचं एकेक ताट, हसू यावं इतकं विरळ, आणि प्रत्येकाला जमिनीतली आपल्या वाटणीची ओल पुरलेली. कमरेएवढी वाढली. अंगठ्याएवढी कणसं धरली. मी रोज दुर्बीण तिकडे फिरवायचो. हे शहाणपण नव्हतं, घाबरटपणा होता. पण जमीन कारण विचारत नाही.

माघात ती दोघं परत आली. बैल दोन गेले होते, दोन आले, एक लंगडत. सखाराम सरळ शेतात गेला, एका ताटाजवळ बसला आणि त्याचं कणीस हातात धरून दाणे चाचपू लागला. मग तंबूपाशी आला, मला म्हणाला, बैलं वाचली. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मी पेटी आणून दिली आणि बी का उरलं ते खरं सांगितलं. गयाबाईनं दाणे या हातातून त्या हातात ओतून पाहिले, एक दातानं फोडला आणि पदरात बांधले. तशीच घराकडे वळली. मला वाटलं, रागावली.

माझी बदली राजस्थानात झाली. सरकारला माझा रेनकोट सहन होत नसावा. निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला घरी बोलावलं. ओसरीपुढे वाडी जमली होती. सगळ्यांचं बी त्या एका पावसात जमिनीत गेलं होतं. पुढच्या हस्ताला पेरायला कोणाकडे ते दगडी वाण उरलं नव्हतं. सरकारी बियाणं येणार असं म्हणत होते, पण ते रान आपल्या वाणाला ओळखतं, असं त्या लोकांचं मत. गयाबाईच्या सुपात माझी दीड पायली आणि तिच्या शेतात झालेल्यातून बियाण्याला निवडलेली पायलीभर, एकत्र. घरटी थोडं थोडं न्यायचं, जपून पेरायचं आणि त्याचंच पुढं बी धरायचं, असं ठरलं होतं. फक्त एवढं सगळ्यांना पुरायचं कसं, यावर कुजबूज चालली होती.

तिनं सूप माझ्यापुढे सरकवलं.

"सायबाच्या मुठीनं घ्या समदे. म्हंजी पुरल."

ओसरी हसून हसून लोळली. माझे कान तापले. पण मी मांडी घालून बसलो आणि मुठी भरायला लागलो. लोक एकेक करून येत होते. कोणाचा पदर, कोणाची टोपी, कोणाचं फडकं. म्हाताऱ्या बाया माझ्या बोटांवर नजर ठेवून होत्या. एकीनं म्हटलंच, चिंगूस हाय पर हिशेबी हाय. मी बोटं आवळून धरत होतो आणि सुपाचा तळ दिसत नव्हता.

तात्या सगळ्यांत शेवटी आले. उपरणं पसरलं, पण माझ्याकडे बघेनात. मी एक मूठ सोडली, बाकीच्यांना सोडली तेवढीच. ते उपरण्याची गाठ मारायला लागले.

गयाबाईनं त्यांचा हात धरला.

"आनखी एक घाला, सायेब. पाभर त्येंची हुती."

मी दुसरी मूठ भरली. या खेपेला सैल.